एमएसडब्ल्यूला गुण तर मिळाले, पण पोरगं शिकलं काय? समाजकार्याची परीक्षा कशी होते आणि कुठे कमी पडते

द्वारका (नाशिक) : मुंबई-आग्रा महामार्ग आणि पुणे रस्ता जिथे मिळतात त्या द्वारका चौकात सकाळी निफाड, चांदवड, सिन्नरकडून आलेल्या गाड्या रिकाम्या होतात. त्यात नोकरदार असतात, दवाखान्यात निघालेले पेशंट असतात, कॉलेजची पोरंपोरी असतात. त्यातलीच काही समाजकार्याची, म्हणजे बीएसडब्ल्यू नाहीतर एमएसडब्ल्यू करणारी. ही पोरं आठवड्यातले काही दिवस वर्गात बसतात आणि साधारण दोन दिवस फिल्डवर्कला जातात. कधी झोपडपट्टीत, कधी सरकारी दवाखान्यात, कधी बालगृहात, कधी एखाद्या संस्थेच्या ऑफिसात. घरी एवढंच माहीत असतं की पोरगं समाजसेवेचा कोर्स करतंय. त्या कोर्सात पास-नापास कशावर ठरतं, पेपर किती, फिल्डवर्कला गुण कोण देतं, हे बऱ्याच आईबापांना ठाऊक नसतं.

हे समजून घ्यायला हवं, त्याला कारण आहे. डॉक्टरला वैद्यकीय परिषदेची नोंदणी लागते, वकिलाला सनद लागते. समाजकार्य करणाऱ्या सगळ्यांसाठी अशी देशपातळीवरची कायदेशीर परिषद आपल्याकडे नाही. २०२१ साली आरोग्यसेवेतल्या संलग्न व्यवसायांसाठी कायदा झाला, त्याच्या यादीत वैद्यकीय आणि मनोरुग्ण क्षेत्रातले समाजकार्यकर्ते आले. बाकीच्यांचं काय, तर कॉलेजने दिलेली पदवी हीच पहिली आणि हीच शेवटची चाळणी. आणि या चाळणीतून खाली आलेला माणूस पुढे कुठे बसतो ते बघा. सरकारी रुग्णालयात समाजसेवा अधीक्षक म्हणून. एचआयव्हीची तपासणी करायला आलेल्या बाईसमोर समुपदेशक म्हणून. सातपूर-अंबडच्या कारखान्यात कल्याण अधिकारी म्हणून, कारण ठरावीक संख्येच्या वर कामगार असले की कायद्याने असा अधिकारी नेमावा लागतो. बालगृहात, महिलांच्या समुपदेशन केंद्रात, पाणलोटाच्या प्रकल्पात. म्हणजे ज्याच्या अंगात काही उतरलंच नाही असा माणूस पास झाला, तर त्याची किंमत तो स्वतः मोजत नाही. समोर बसलेला गरजू माणूस मोजतो.

शिक्षण आपल्याकडे आलं कसं

भारतात समाजकार्याचं रीतसर शिक्षण १९३६ साली मुंबईत सुरू झालं. सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क हे त्या शाळेचं नाव, आणि क्लिफर्ड मॅनशार्ट हे तिचे पहिले संचालक. मॅनशार्ट त्याआधी नागपाड्याच्या गरीब वस्तीत काम करत होते. म्हणजे वर्ग आणि वस्ती यांची सांगड पहिल्या दिवसापासूनची. १९४४ साली या शाळेचं नाव टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस झालं, १९६४ साली तिला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. मुंबईत निर्मला निकेतन १९५५ साली निघालं, पुण्यात कर्वे समाजसेवा संस्था १९६३ साली. पुढे विदर्भात, खानदेशात, मराठवाड्यात समाजकार्य महाविद्यालयं निघत गेली. नाशकात मविप्र संस्थेचं समाजकार्य महाविद्यालय आहे. पुणे, अहिल्यानगर आणि नाशिक हे तीन जिल्हे सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाखाली येतात, त्यामुळे इथला अभ्यासक्रम आणि परीक्षेची चौकट तिकडून ठरते.

गुण साधारण तीन दारांनी येतात. लेखी पेपर, फिल्डवर्क आणि शेवटच्या वर्षाचा संशोधन प्रबंध. लेखी पेपरात अंतर्गत गुण वेगळे आणि विद्यापीठाचे वेगळे. प्रबंधाला व्हायवा असते. या दोन्हींची पद्धत इतर विषयांसारखीच, तिच्यावर फार बोलण्यासारखं नाही. खरा गुंता फिल्डवर्कचा आहे.

पेपर काय सांगतो, काय सांगत नाही

आधी एक उदाहरण घेऊ. पेपरात प्रश्न आला : बालकल्याण समितीची रचना आणि कार्ये लिहा. पोराने पाठ केलेलं लिहिलं, दहापैकी आठ मिळाले. आता हेच पोरगं महामार्गावरच्या एखाद्या ढाब्यावर उभं आहे आणि समोर बारा वर्षांचा मुलगा कपबशा धुतोय. चौदा वर्षांखालच्या मुलाला कामाला ठेवणं गुन्हा आहे, हे त्याला माहीत आहे. पण आता करायचं काय?

मालकाशी तिथेच भांडला, तर संध्याकाळपर्यंत तो मुलगा तिथून गायब होणार. मुलाचा फोटो काढून स्टेटसला टाकला, तर स्वतःच कायदा मोडला, कारण २०१५ च्या बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ प्रमाणे अशा मुलाची ओळख उघड करता येत नाही. नीट मार्ग म्हणजे १०९८ ला फोन, पोलिसांना किंवा कामगार खात्याला कळवणं, आणि मुलगा ताब्यात आल्यावर, प्रवासाचा वेळ सोडून, २४ तासांत तो समितीपुढे जातोय का यावर लक्ष ठेवणं. शिवाय मुलाशी बोलायचं कसं, त्याला घाबरवायचं नाही, खोटं आश्वासन द्यायचं नाही, त्याचं घर कुठलं आणि तो इथवर आला कसा हे हळूहळू काढायचं. यातलं पेपरात मोजलं गेलं किती? पहिला थर. बाकीचे दोन-तीन थर पेपरात मावतच नाहीत.

म्हणून पेपर नकोत असं कोणी म्हणू नये. कायदा माहीत नसलेला कार्यकर्ता नुसत्या कळवळ्यावर चालला तर जास्त घोटाळा करतो. लैंगिक अत्याचाराची माहिती मिळूनही ती न कळवणं हा २०१२ च्या पॉक्सो कायद्याखाली स्वतःच गुन्हा आहे. हे ज्याला पाठ नाही त्याला नापासच करायला हवं, तिथे दयामाया नको. पण माहीत असणं वेगळं आणि करता येणं वेगळं.

फिल्डवर्क : सगळ्यात मोलाचं, सगळ्यात ढिसाळ मोजलेलं

फिल्डवर्कची रीत जुनी आणि चांगली आहे. विद्यार्थ्याला एखादी संस्था किंवा वस्ती नेमून देतात. तिथे एक संस्थेचा पर्यवेक्षक, कॉलेजात एक प्राध्यापक पर्यवेक्षक. विद्यार्थी आठवड्याला साधारण १५ तास जातो. गेलेल्या दिवसाचा अहवाल लिहितो : कोणाला भेटलो, काय बोलणं झालं, मला काय वाटलं, पुढे काय करणार. प्राध्यापक तो वाचून विद्यार्थ्याला समोर बसवतो आणि एकेक मुद्दा काढतो. याला पोरं आयसी म्हणतात, म्हणजे इंडिव्हिज्युअल कॉन्फरन्स. सगळ्यांची मिळून होते ती जीसी. वर्षात एक ग्रामीण शिबिर असतं. बऱ्याच ठिकाणी शेवटी महिनाभराची सलग नेमणूक असते, तिला ब्लॉक प्लेसमेंट म्हणतात. मग बाहेरचा परीक्षक येतो, अहवालांची चळत चाळतो, दहा-पंधरा मिनिटं प्रश्न विचारतो आणि गुण देतो.

कागदावर यात काहीच कमी नाही. प्रत्यक्षात फट पडते ती वेगळ्याच ठिकाणी.

पहिली फट तासांची. क्रेडिटच्या हिशोबात थिअरीचे १५ तास म्हणजे एक क्रेडिट, प्रात्यक्षिकाचे ३० तास म्हणजे एक क्रेडिट. चार क्रेडिटचं फिल्डवर्क म्हटलं की १२० तास भरले पाहिजेत. मग सगळं लक्ष तास भरण्याकडे. हजेरीच्या कागदावर संस्थेचा शिक्का आला की काम झालं. शेतात माणूस किती तास उभा होता यावरून कांद्याचं उत्पन्न कोणी सांगत नाही, इथे मात्र चालतं.

दुसरी फट संस्थेच्या पर्यवेक्षकाची. त्याच्याकडे स्वतःचं काम आहे, विद्यार्थ्यांना शिकवण्याचे त्याला पैसे मिळतीलच असं नाही. पोरं गोड बोलतात, चहा-नाश्त्याला बरोबर असतात, कार्यक्रमाला खुर्च्या लावतात. वर्षाअखेर फॉर्म येतो : संवादकौशल्य, वेळेचं भान, संघभावना, प्रत्येकापुढे एक ते पाच. तो सगळीकडे चार आणि पाच लिहून मोकळा होतो. वाईट लिहावं तर पोराचं वर्ष जाईल ही भीती, आणि उद्या कॉलेजने विद्यार्थी पाठवले नाहीत तर हक्काचे हात कमी होतील हीही भीती. हा प्रकार फक्त आपल्याकडचा नाही. कॅनडात टोरोंटो विद्यापीठाच्या मॅरियन बोगो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर वर्षानुवर्षं काम केलं. त्यांना दिसलं ते हेच की आकड्यांच्या फॉर्मवर जवळजवळ सगळेच विद्यार्थी वरच्या बाजूला गोळा होतात, चांगला आणि कच्चा यातला फरक दिसत नाही. मग त्यांनी उलटी युक्ती केली. वेगवेगळ्या पातळीच्या काल्पनिक विद्यार्थ्यांची अर्ध्या-एक पानाची वर्णनं तयार केली आणि पर्यवेक्षकांना विचारलं, तुमचा विद्यार्थी यातल्या कोणासारखा आहे? आकडा लिहिताना हात सैल सोडणारी माणसं वर्णन निवडताना जास्त खरी वागली. हे करायला ना मशीन लागतं, ना निधी. चार अनुभवी प्राध्यापक एका दुपारी बसले तर मराठीत अशी वर्णनं लिहून होतील.

तिसरी फट अहवालाची. एकाच्या वहीतून दुसऱ्याच्या वहीत अहवाल उतरवणं जुनंच आहे. आता मोबाईलवर दोन ओळी टाकल्या की पानभर अहवाल लिहून मिळतो, तोही नाकीडोळी नीटस. भेट झालीच नाही तरी भेटीचं वर्णन तयार. त्यामुळे अहवालाच्या सुबक भाषेला गुण देणं आता जवळपास निरर्थक झालंय. आयसीत समोर बसवून, त्या आजीच्या घरात चूल कुठल्या बाजूला होती, तिने तुला बसायला काय दिलं, तू विचारलेल्या कुठल्या प्रश्नाला ती गप्प झाली, असं विचारलं की दोन मिनिटांत खरं-खोटं कळतं. पण त्यासाठी आयसी नियमित व्हायला हवी, आणि एका प्राध्यापकामागे पोरं किती असावीत यालाही काही मर्यादा हवी.

सुरगाण्याचं पोरगं आणि वहीतली भाषा

आपल्या जिल्ह्यात याला आणखी एक पदर आहे. पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर, इगतपुरी, कळवण भागातून बरीच आदिवासी पोरंपोरी समाजकार्याला येतात. घरात कोकणी नाहीतर वारली बोललं जातं. प्रमाण मराठी शाळेत शिकलेली, आणि संदर्भाची बरीच पुस्तकं इंग्रजीत. अशी पोरगी दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांवर आलेल्या मजुरांच्या झोपड्यांवर गेली, तर पाच मिनिटांत बायका तिच्याशी घरचं बोलायला लागतात. मुकादमाकडून उचल किती घेतली, पोरं शाळेतून काढून बरोबर आणलीत का, गावाकडे म्हातारं माणूस कोणाच्या भरवशावर सोडलंय, हे सगळं तिला कळतं. तेच शहरातल्या पोराला तीन भेटींत कळत नाही. पण संध्याकाळी वही उघडली की हिला लिहायला जड जातं, आणि तो मात्र छान चार पानं लिहितो. गुण कोणाला जास्त? वही बघून दिले तर त्याला.

यात मूल्यमापनाची चूक आहे, पोरीची नाही. जे शिकवायचं होतं ते तिला येतंय, मोजपट्टी मात्र भलतंच मोजतेय. लिहिता येणं या धंद्यात लागतंच, कारण उद्या समितीपुढे अहवाल द्यायचाय, त्यामुळे ते सोडून देता येणार नाही. पण ते वेगळं मोजा, त्याला वेगळे गुण ठेवा. माणसाशी नातं जोडण्याचे गुण वहीच्या अक्षरावरून देऊ नका. पर्यवेक्षकाने वर्षातून दोन वेळा तरी सोबत जाऊन, मागे उभं राहून बघावं. एवढ्याने बराच फरक पडेल.

उलट बाजूही सांगायला हवी. आपल्याच समाजात, आपल्याच बोलीत काम करताना काही पोरं प्रश्न विचारायचं सोडून देतात, कारण सगळं माहीतच आहे असं धरून चालतात. लहान वयातलं लग्न, भगताकडे नेलेलं आजारी पोर, हे त्यांना खटकतच नाही. हेही तपासायचं असेल तर सोबत जाण्याशिवाय मार्ग नाही.

बाहेर काय करतात

अमेरिकेत समाजकार्याच्या कोर्सना मान्यता देणारी संस्था कौन्सिल ऑन सोशल वर्क एज्युकेशन १९५२ पासून आहे. २००८ साली तिने पद्धत बदलली. कुठले विषय शिकवले याऐवजी विद्यार्थ्याला शेवटी काय करता येतं हे दाखवा, असं कॉलेजांना सांगितलं. २०१५ च्या नियमांत नऊ क्षमता ठरवल्या. प्रत्येक क्षमता निदान दोन वेगवेगळ्या मार्गांनी मोजायची, आणि त्यातला एक मार्ग खऱ्या किंवा हुबेहूब उभ्या केलेल्या प्रसंगातला हवा. वर आणखी एक अट : आलेला निकाल कॉलेजने लोकांना दिसेल असा आपल्या वेबसाईटवर टाकायचा आणि निदान दोन वर्षांनी ताजा करायचा. ही अट आपल्याकडे यायला हवी, असं ठामपणे म्हणता येईल. फी भरणाऱ्या बापाला दिसू द्या.

हुबेहूब प्रसंगाची कल्पना मूळ डॉक्टरकीतली. स्कॉटलंडमधल्या डंडीत रोनाल्ड हार्डन यांनी १९७५ साली अशी परीक्षा मांडली, ज्यात विद्यार्थी एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जातो आणि प्रत्येक ठिकाणी पेशंटची भूमिका करणारा माणूस बसलेला असतो. टोरोंटोच्या मंडळींनी ती समाजकार्यात आणली. विद्यार्थ्याने दहा-पंधरा मिनिटं समोरच्याशी बोलायचं, परीक्षक ठरलेल्या तक्त्यावर गुण देणार, आणि नंतर विद्यार्थ्याला विचारणार की तू असं का विचारलंस, आता परत संधी मिळाली तर काय वेगळं करशील. या दुसऱ्या भागातच खरं शिकणं दिसतं. आपल्याकडे याला मोठा खर्च लागेल अशी भीती दाखवली जाते. गावोगाव जत्रेत वगनाट्य करणाऱ्या, पथनाट्य बसवणाऱ्या लोकांच्या जिल्ह्यात, नवऱ्याच्या दारूने कावलेल्या बाईची भूमिका करायला माणूस मिळत नाही म्हणणं जरा अवघडच आहे.

आकड्यांचा नवा खेळ

आपल्याकडे १९९४ साली नॅक आली आणि हळूहळू निष्पत्ती हा शब्द कॉलेजांत रुळला. प्रत्येक कोर्सची निष्पत्ती लिहा, ती किती साध्य झाली ते दाखवा. हेतू चांगला. पण अनेक ठिकाणी हिशोब असा करतात : ठरावीक टक्के पोरांना ठरावीक गुणांच्या वर मिळाले, म्हणजे निष्पत्ती साध्य. आता गुण तेच, जे सगळ्यांना चार-पाच लिहून आले होते. जुनाच माल नव्या क्रेटमध्ये भरला. तक्ता देखणा दिसतो, पण त्यातून नवीन काहीच कळत नाही.

दुसरा सोपा मार्ग म्हणजे विद्यार्थ्यांनाच विचारणं : तुम्हाला किती आलं? द्राक्षाची गोडी बागायतदाराला विचारून ठरत नाही. व्यापारी मणी तोडतो, रस काचेवर टाकतो, साखर बघतो. पोरांचंही तसंच, आणि त्यात एक गंमत आहे. कोर्सच्या सुरुवातीला पोरं स्वतःला जास्त गुण देतात, कारण आपल्याला काय येत नाही हेच माहीत नसतं. वर्षभर लोकांत फिरल्यावर अवघडपणा कळतो आणि तेच पोर स्वतःला कमी गुण देतं. कागदावर दिसतं की पोर मागे गेलं, प्रत्यक्षात ते पुढे आलेलं असतं. म्हणून असा फॉर्म भरून घ्या, पण पोराशी बोलायला सुरुवात म्हणून. निकाल म्हणून नको.

तोंडी गुणांचा पुरावा कुठे

लेखी पेपरचं एक बरं आहे, कागद मागे राहतो. आपली तपासलेली उत्तरपत्रिका माहिती अधिकारात बघायला मिळते, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ सालीच सांगितलंय. फिल्डवर्कच्या व्हायवाचं मात्र मागे काय राहतं? एक आकडा. पोराला ५० का मिळाले आणि शेजारच्याला ८० का, याचं उत्तर कुठेच लिहिलेलं नसतं. जिथे लिहिलेलं नसतं तिथे ओळख, आडनाव, गाव, बोलण्याची ढब यांना शिरायला जागा मिळते. सगळीकडे असं होतं असं नाही, पण होणारच नाही याची काही तजवीजही नाही. कशाला किती गुण हे आधी छापलेला तक्ता, त्यावर परीक्षकाच्या दोन ओळी आणि सही, एवढं असलं तर पोरालाही संरक्षण आणि परीक्षकालाही.

गावाकडून काय विचारता येईल

समाजकार्याच्या पोरांचं शिबिर गावात आलं की सरपंच नारळ फोडतात, पोरं श्रमदान करतात, घरोघर फॉर्म भरतात, शेवटच्या दिवशी पथनाट्य होतं आणि गाडी निघून जाते. त्या फॉर्मांचं पुढे काय झालं, गावाला कळत नाही. ग्रामपंचायतीने शिबिराला शाळेची खोली देतानाच सांगावं की जी माहिती गोळा केली तिचा गोषवारा ग्रामसभेत येऊन वाचा. कॉलेजनेही त्या वाचनाला गुण ठेवावेत. लोकांपुढे उभं राहून, तुमच्या गावात इतक्या विधवा बायांना निराधार योजनेचा पगार सुरू नाही आणि अमुक कागदासाठी अडलाय, हे सांगता येणं ही मोठी परीक्षा आहे. फक्त अभिप्राय एकट्या सरपंचाकडून घेऊ नये. अंगणवाडी सेविका, आशा, आणि वस्तीवरच्या ज्या चार बायांशी पोर खरंच बोललं, त्यांनाही विचारावं.

आणि ज्यांच्या घरातलं पोर यंदा प्रवेश घेणार आहे, त्यांनी कॉलेजात फीसोबत एवढं विचारून घ्यावं. एका प्राध्यापकाकडे फिल्डवर्कची किती पोरं असतात? आयसी दर आठवड्याला होते का? फिल्डवर्कच्या गुणांचा छापील तक्ता आहे का, आणि तो पोराला आधी दाखवतात का? संस्थेचा पर्यवेक्षक स्वतः समाजकार्य शिकलेला आहे का? शेवटचा प्रश्न बसच्या भाड्याचा. फिल्डवर्कसाठी आठवड्यातून दोन दिवस वेगळं जावं लागतं. मार्च २०२३ पासून एसटीत मुलींना अर्धं तिकीट आहे, मुलांना पूर्ण. बरीच पोरं कमी पडतात ती शिकण्यात नाही, तर महिन्याच्या शेवटी खिशात भाडं नसतं म्हणून, आणि तक्त्यावर त्याचीच नोंद गैरहजर अशी होते.